नव्यांसाठी एक पान

बाईंचं काम वाचायचं. पुस्तकं नव्हेत. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला पातळ कागद असतो ना, किंवा मिक्सरच्या डब्यातली सूचनांची पुस्तिका, जी घरी पोचताच केरात जाते, ती छापायच्या आधी कुणीतरी अक्षर न् अक्षर वाचलेली असते. त्या छापखान्यात गेली सव्वीस वर्षं हे कुणीतरी म्हणजे बाई. मालकापासून कटिंग मशीनवरच्या माणसापर्यंत सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. खिडकीजवळ टेबल, टेबलावर दिवा, दांडीचं भिंग आणि लाल पेन. "'दिवसातून दोनदा' आणि 'दोन दिवसांतून एकदा' यात एका माणसाच्या जिवाचा फरक आहे," असं नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत आणि पुन्हा भिंगात डोकं घालत.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या यजमानांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. जमिनीची मोजणी करणारा माणूस, आवाज असा की या बांधावरून हाक मारली तर पलीकडच्या बांधावरचा मदतनीस दचकायचा. गाठ विरघळली, पाय हळूहळू चालता झाला, उजवा हात मात्र लुळा राहिला आणि बोलणं गेलं. अगदी सगळं गेलं असंही नाही. एक शब्द राहिला, 'बरोबर'. चहा हवा का? बरोबर. की नको? बरोबर. दुखतंय का कुठे? बरोबर. पहिलं वर्षभर बाईंना त्या शब्दाचा संताप यायचा. पुढे संतापायलाही अंगात ताकद लागते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ती ताकद त्यांनी कपडे बदलणं, भरवणं, व्यायाम करून घेणं यांसाठी राखून ठेवली. दिवसभर शेजारच्या निवृत्त नर्सबाई येऊन बसत. साडेपाचला छापखाना सुटला की पुढचं सगळं बाईंकडे.

अशा घरांचा एक ग्रुप होता. एका मोठ्या, सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या साइटवर. ज्यांच्या माणसाचं बोलणं गेलंय, त्यांच्या घरच्यांचा. तो सुरू केला होता एका निवृत्त भूगोलाच्या शिक्षकांनी, त्यांची बायको आजारी पडली तेव्हा. त्यांना सगळे मास्तर म्हणत. बाई दुसऱ्याच महिन्यात आल्या आणि वर्षभरात मास्तरांच्या बरोबरीने ग्रुप सांभाळू लागल्या. पाच वर्षांत माणसं झाली दोन हजार तीनशे. घास नरड्यात अडकू नये म्हणून मान कशी धरायची, कोणता शब्द आधी परत येतो, पाठीला जखम झाली तर ती कधी घरी धुवायची आणि कधी दवाखाना गाठायचा, असलं सगळं तिथे लिहिलेलं होतं. डॉक्टरांना सांगायला वेळ नसतो ते.

आणि एका मंगळवारी सकाळी ग्रुप नव्हता.

पाठीच्या जखमांचे फोटो असत, सल्ल्यासाठी टाकलेले. ते फोटो साइटच्या यंत्राला बीभत्स वाटले. ग्रुप बंद, मास्तरांचं अकाउंट बंद, बाईंचंही बंद. दाद मागायला एक चौकट होती. बाईंनी तिच्यात नऊ ओळी लिहिल्या, शुद्धलेखनासकट. चार सेकंदांत उत्तर आलं की आम्ही तुमची तक्रार काळजीपूर्वक वाचली आहे. चार सेकंदांत नऊ ओळी बाईंनाही वाचून होत नसत, आणि त्यांचा तर तो धंदा होता.

"पाच वर्षांवर पाणी पडलं हो," मास्तर फोनवर म्हणाले. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण मास्तरांना धाप लागली की बाईंना फोनवरून कळायचं. "आता पुन्हा पहिल्यापासून कोण करणार? माझ्यात नाही जीव."

बाईंच्यातही नव्हता. पण रविवारी भाचीचा फोन आला. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, आणि मावशीचं ऐकून तिने एक वेगळीच जागा सुचवली.

"इथे एकच कंपनी नसते मावशी. पुष्कळ सर्व्हर असतात, प्रत्येक कुणी ना कुणी चालवतं. त्यातल्या एकावर तू नाव नोंदवायचं."

"मग दुसऱ्यांवरची माणसं?"

"त्यांच्याशीही बोलता येतं. सर्व्हर आपापसात बोलतात."

"पण मालक कोण?"

"एक मालक नाही."

"म्हणजे बेवारस."

"बेवारस कसलं गं! उलट शंभर वारस. ईमेलचं कसं असतं—"

"ईमेल मी फक्त उघडते. ते कसं असतं मला काय ठाऊक."

भाचीने दम घेतला. "बरं. तुझा पत्ता दोन भागांचा असेल. आधी तुझं नाव, पुढे सर्व्हरचं नाव. जसा माणूस आणि त्याची इमारत."

"इमारत पडली तर?"

"तर दुसरीत जायचं. तुझ्या ओळखीचे लोक तुझ्यामागे आपोआप येतात. जुनं लिहिलेलं मात्र तिथेच राहतं."

"घर बदलताना होतं तेच की," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यापुरतं त्यांना समजलं.

पण घोडं अडलं ते निवडीवर. सर्व्हरांची यादीच उघडली तर संपेना. कुठे मांजरांची हौस असलेले, कुठे ग्रहताऱ्यांचे, कुठे नुसतीच भांडणं. मास्तर म्हणाले, कुठलाही घ्या, सगळे सारखेच. बाईंनी ते ऐकलं नाही. यजमानांना जेवू घालून पुढचा सबंध रविवार त्या एकेका सर्व्हरचे नियम वाचत बसल्या. कुणाचे नियम दोन ओळींचे, कुणाचे वकिलाने लिहिल्यासारखे. दुपारी चारच्या सुमारास एक सापडला. चालवणारा व्यवसायाने वायरमन होता. साडेतीनशे माणसं, आणि आजारपणाचे फोटो इशारा लिहून झाकून ठेवले तर चालतील असं साफ लिहिलेलं. सातव्या नियमात 'नये' दोनदा पडलं होतं, त्यामुळे अर्थ उलटा होत होता.

तिथे आत जायला अर्ज होता. का यायचंय? बाईंनी तीन ओळींत सांगितलं आणि चौथ्या ओळीत सातव्या नियमातली चूक कळवली. दीड दिवसाने उत्तर आलं. "या. चूक दुरुस्त केली. चार वर्षांत कुणी वाचलंच नव्हतं." बाईंनी ते दोनदा वाचलं. पलीकडे माणूस होता.

आत गेल्यावर मात्र शुकशुकाट. मोठ्या साइटवर उघडलं की काही ना काही समोर येऊन आदळायचं. इथे पान कोरं. कुणाला तरी शोधून आपल्याशी जोडल्याशिवाय कुणी दिसत नाही, हे कळायलाच चार दिवस गेले. मास्तरांची तर वेगळीच तऱ्हा झाली. पहिल्या सर्व्हरवर कुणी दिसेना म्हणून त्यांनी दुसऱ्यावर नाव घातलं, मग तिसऱ्यावर. तिन्हीकडे फोटो लावला फुलदाणीचा. आठवड्याने त्यांनी बाईंना आनंदाने कळवलं की आपल्याच विषयातले दोन सद्गृहस्थ भेटलेत, विचार अगदी जुळतात, मी दोघांना नमस्कारही पाठवला.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "ते दोघे तुम्हीच आहात."

मग मास्तर हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. त्या महिन्यात दोघांचं हसणं काय ते एवढंच.

हळूहळू जुनी माणसं शोधत येऊ लागली. ज्यांचे फोन नंबर होते त्यांना बाईंनी एकेक करून कळवलं होतं. दोन हजार तीनशेंतून आली एकशे अठरा. बाकीच्यांनी मोठ्या साइटवरच दुसरे ग्रुप धरले, किंवा काहीच धरलं नाही. त्यांचा राग बाईंना आला नाही. आजारी माणूस घरात असताना नवीन बटणं शिकायची उमेद कुणाला असते?

आलेल्यांचे प्रश्न ठरलेले. मी चुकीच्या सर्व्हरवर आले का? तुम्ही दिसत का नाही? माझं नाव इतकं लांब का? अमका माझ्या सर्व्हरवर नाही, मग तो गेला का? एकाला सांगून होतं न होतं तोच दुसरा तेच विचारायचा. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात बाई दुसऱ्या हाताने पाढे वाचल्यासारखी तीच उत्तरं लिहीत. कटिंगवाला एकदा म्हणालाही, "बाई, घास तरी मोजा." नाकी नऊ आले तेव्हा बाईंनी ठरवलं, सव्वीस वर्षं दुसऱ्यांची माहितीपत्रकं तपासली, आता एक आपणच लिहावं.

त्यांनी ते एका पानात बसवलं. 'चुकीचा सर्व्हर असा नसतो. कुठेही असलात तरी आम्हाला सापडाल. आपला पत्ता सांगताना दोन्ही भाग सांगा, नुसतं नाव सांगू नका. पान कोरं दिसलं तर घाबरू नका, सोबतची वीस नावं एकेक करून जोडा. जखमेचा फोटो टाकताना वर इशारा लिहा, म्हणजे ज्याला पाहायचाय तोच उघडेल. पासवर्ड कागदावर लिहा आणि तो कागद औषधांच्या डब्यात ठेवा, कारण तो डबा तुम्ही हरवणार नाही.' खासगी पत्राबद्दल एकच वाक्य होतं. 'फक्त एकालाच लिहायचं असेल तर लिफाफ्याचं चिन्ह निवडा.'

पत्रक चाललं. इतकं चाललं की वायरमननेही ते आपल्या सर्व्हरच्या पहिल्या पानावर लावलं. महिनाभर बाईंना जरा उसंत मिळाली.

ग्रुपमध्ये एक सून होती, बाईंच्याच सर्व्हरवरची. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, बोलणं पूर्ण गेलेलं. त्याच ग्रुपमध्ये तिची नणंदही होती, दुसऱ्या गावी राहणारी आणि दुसऱ्या सर्व्हरवर असलेली. नणंद छान लिहायची. आईचे हात, आईचा आवाज, आईची आठवण. लोक वाचून डोळे पुसत. सून फारसं लिहीत नसे, ती विचारत असे. कूस बदलताना चादर कशी धरायची. दात आवळून धरले तर तोंड कसं उघडायचं.

एका बुधवारी सकाळी, घरातून निघायच्या घाईत, सुनेने बाईंना खासगी पत्र लिहिलं. लिफाफ्याचं चिन्ह निवडून. कोणाबद्दल बोलतेय ते बाईंना नीट कळावं म्हणून तिने नणंदेचा पत्ता लिहिला. दोन्ही भाग, पत्रकात सांगितल्याप्रमाणे. 'ही आठ महिन्यांत एकदाही आलेली नाही. फोनवर विचारते, आईला माझी आठवण येते का. मी काय सांगू? मला झोप नाही, पाठ गेली माझी. इथे तिचं वाचते आणि अंगाचा तिळपापड होतो. बाई, तुम्हाला म्हणून सांगते. कधी कधी वाटतं, सासूबाई लवकर सुटल्या तर बरं. त्याही सुटतील आणि मीही.'

त्या जागेची रीत अशी की पत्रात ज्याचा पूर्ण पत्ता लिहाल, त्यालाही ते पत्र पोचतं. लिफाफा असला तरी.

बाईंनी दुपारी डबा उघडताना फोन पाहिला. आधी सुनेचं पत्र. त्याच्या खाली नणंदेचं उत्तर, एका शब्दाचं. 'वाचलं.'

समोर खोकल्याच्या औषधाचं पत्रक अर्धं तपासून पडलं होतं. बाईंनी डबा बंद केला. त्यांना लगेच समजलं काय झालंय, आणि हेही समजलं की ही गोष्ट पत्रकात नव्हती. ठाऊक असती तर लिहिली असती. पण ठाऊक नव्हती म्हणून सुटका होत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? छापखान्यात त्यांनी ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांना माफ केलं होतं. सुटलेल्या वाक्याला कधीच नाही.

त्यांनी वायरमनला फोन केला. त्याचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मागे ड्रिल चालू होतं. बाईंनी झालेलं थोडक्यात सांगितलं.

"एक पत्र पुसायचंय. दोघींच्याही फोनवरून."

"आपल्या सर्व्हरवरून आत्ता पुसतो, बाई. तिच्या सर्व्हरलाही कळवेल आपोआप, की हे काढा. बहुतेक काढतील."

"बहुतेक?"

"तो माझा नाही ना. मी फक्त सांगू शकतो." ड्रिल थांबलं. "आणि तिने वाचलंय म्हणता. मग पुसून काय होणार?"

तिथे एका यंत्राने दोन हजार माणसांचं पाच वर्षांचं बोलणं एका सकाळीत पुसलं होतं. इथे एक वाक्य परत घेऊन देईल असं कुणी नव्हतं. दोन्ही गोष्टींचा त्यांना सारखाच थकवा आला.

"अजून एक सांगून ठेवतो," वायरमन म्हणाला. "ही खासगी पत्रं सीलबंद नसतात. मनात आणलं तर मीही वाचू शकतो. मी वाचत नाही. पण शकतो."

"हेही पत्रकात हवं होतं," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. ती रडत नव्हती, तिचा आवाज नुसता सपाट झाला होता. "नवऱ्याला बहिणीचा फोन आला. मी तिच्या आईच्या जिवावर उठलेय म्हणाली. तो माझ्याशी बोलत नाहीये. तुम्ही लिहायला हवं होतं, बाई. सगळं लिहिलंत, पासवर्ड कुठे ठेवायचा तेसुद्धा लिहिलंत."

"हो," बाई म्हणाल्या. "लिहायला हवं होतं."

त्यांनी स्वतःची बाजू मांडली नाही. सुनेला बहुधा भांडायचं होतं, पण पलीकडून कुणी भांडेना. तिने फोन ठेवला.

यजमानांना भरवून, तोंड पुसून, टीव्हीसमोर बसवून बाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर येऊन बसल्या आणि नणंदेला पत्र लिहायला घेतलं. आधी त्यांनी लिहिलं की चूक माझ्या पत्रकाची आहे. ते खरं होतं, पण अपुरं होतं. मग लिहिलं की तुमची वहिनी मनाने वाईट नाही. ते त्यांनी खोडलं; कुणाच्या मनाचा दाखला देणाऱ्या त्या कोण? पाच-सहा ओळी लिहून खोडून झाल्यावर त्यांनी जे लिहिलं ते असं:

'ते वाक्य मी माझ्या नवऱ्याबद्दल मनात म्हटलेलं आहे. एकदा नाही. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आंघोळीच्या खोलीत नळ सोडून बसले. नंतर नळ सोडायचीही गरज वाटेना. म्हणून मी त्याला एक दिवसही उपाशी ठेवलेलं नाही. जी रोज जवळ असते तिच्याच मनात हे येतं. लांब असणाऱ्याच्या मनात येत नाही, यात त्याचा मोठेपणा नसतो. हे तुम्हाला टोचेल. टोचावं म्हणून लिहिलेलं नाही.'

सवयीप्रमाणे तीनदा तपासलं. वायरमन हे वाचू शकतो, आता त्यांना माहीत होतं. नणंद हे साऱ्या ग्रुपला दाखवू शकते, हेही माहीत होतं. आतल्या खोलीतून टीव्हीवरच्या बातम्या ऐकू येत होत्या. बाईंनी पाठवून दिलं.

नऊ दिवस काहीच आलं नाही. दहाव्या दिवशी नणंदेचं अकाउंट दिसेनासं झालं. ग्रुपमध्ये लोक विचारू लागले, इतकं सुंदर लिहिणाऱ्या त्या ताई कुठे गेल्या. बाईंनी उत्तर दिलं नाही. मधल्या काळात पत्रकात दोन वाक्यं वाढवली, त्यासाठी पानाच्या तळाशी असलेलं फुलांचं चित्र काढून टाकावं लागलं. मास्तर म्हणाले, चित्र छान होतं. बाई म्हणाल्या, असेल.

तीन आठवड्यांनी सुनेने फोन केला.

"काल ती आली होती."

"कोण?"

"नणंद. न कळवता. दार उघडलं तर समोर उभी. माझ्याशी शब्द नाही. आत गेली, आईजवळ बसली. दोन तास. मग मला वाटलं काहीतरी बोलेल, तर म्हणाली, नेलकटर कुठाय. नखं काढली हातापायांची. गेली."

"आणि?"

"आणि काय. दोन तास मी झोपले, बाई. दुपारी. पलंगावर आडवी होऊन." मग ती म्हणाली, "मला अजून तिचा रागच आहे."

"असू दे की."

"पुन्हा येईल असं वाटत नाही."

ती पुन्हा आली, महिनाभराने, तेव्हाही न बोलता. मग अधूनमधून येत राहिली. नणंद-भावजयींचं सूत काही जुळलं नाही. पुढेही ते जुळल्याचं बाईंच्या कानावर आलं नाही. सुनेचा नवरा मात्र बोलू लागला, आणि रविवारी आईची कूस बदलायला स्वतः उठू लागला. ग्रुपमध्ये नवे लोक आले की सून आपणहून पुढे होऊ लागली. पहिलंच वाक्य ती लिहायची, 'खासगी पत्रात तिसऱ्याचा पत्ता घालू नका, का ते विचारू नका.' लोक अर्थातच विचारत.

पुढे वायरमनच्या सर्व्हरवर माणसं सहाशेवर गेली. कुणाचे अर्ज पाहायचे, कुणाची भांडणं सोडवायची, कुणाच्या तक्रारी. दिवसभर शिड्या चढून आल्यावर त्याला ते झेपेना. त्याने बाईंना लिहिलं: 'दोन माणसं हवी आहेत मदतीला. नियम तुमच्याइतके नीट कुणी वाचत नाही. याल का?'

हे पत्र आलं त्या दिवशी बाईंनी गोळ्यांची एकवीस पत्रकं तपासली होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं. बसमधून उतरून त्या घरी आल्या, नर्सबाई निघाल्या, यजमानांना खिडकीशी खुर्चीत बसवलं. मग उभ्याउभ्याच त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. आधी 'विचार करून कळवते' असं लिहिलं. सहा वर्षांत त्यांनी कुणाला सरळ नकार दिलेला नव्हता. दवाखान्याला, मालकाला, मास्तरांना, एकशे अठरांपैकी कुणालाच नाही. त्यांनी ते तीन शब्द खोडले.

'नको,' त्यांनी लिहिलं. 'मी दमले आहे.'

वायरमनचं उत्तर लगेच आलं. 'समजलं. सुनेला विचारतो. तुम्ही आराम करा.'

बाईंनी तपासायला म्हणून पुन्हा आपली ओळ वाचली. त्यात काही बदलण्यासारखं नव्हतं. फोन फळीवर ठेवून त्यांनी दुसरी खुर्ची खिडकीशी ओढली आणि यजमानांच्या शेजारी बसल्या. समोरच्या इमारतीत एक बाई काचा पुसत होती, वरच्या कोपऱ्यापर्यंत तिचा हात पोचत नव्हता. दोघं तिच्याकडे बघत बसले. थोड्या वेळाने बाईंचा डोळा लागला, मान एका बाजूला कलली. बाहेर अजून चांगला उजेड होता.